लग्नाचा विसावा वाढदिवस, नापा-सोनोमात दोन रात्री: कुठली खोली घेऊ?

पानगळ | ९ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या लग्नाला वीस वर्षं होतायत. आम्ही कॅलिफोर्नियात सनीवेलला राहतो. नापा आणि सोनोमा ही वाइनची खोरी गाडीने दोन-अडीच तासांवर, तरी इतक्या वर्षांत मुक्कामाला एकदाही गेलेलो नाही. पाहुणे आले की त्यांना घेऊन जायचं, एखाद्या वायनरीत फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत घरी. यंदा सासूबाई इथे आहेत, मुलांची काळजी नाही. दोन रात्री फक्त आम्ही दोघं.

मोठं हॉटेल नकोय. जुन्या घरात चार-पाच खोल्या, सकाळी मालकांच्या हातची न्याहारी, अशी जागा शोधतेय. पण या जागांमध्ये प्रत्येक खोलीला थीम असते आणि फोटो बघून माझा गोंधळ वाढत चाललाय. टस्कनी, व्हिक्टोरियन, आफ्रिकन सफारी, एका ठिकाणी 'महाराजा' नावाची खोली, एका ठिकाणी बदामाच्या आकाराचा लाल टब. थीमच्या खोलीत कोणी राहिलंय का? गुलाबपाकळ्या आणि बाटलीचं 'रोमान्स पॅकेज' घ्यावं का? फेब्रुवारीत तिकडे बघण्यासारखं काही असतं का?

आणखी एक सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. नवरा निफाड तालुक्यातला, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. तो बारावीत असताना गारपिटीत बाग गेली, पुढे जमीनही विकावी लागली. बागेविषयी तो बोलत नाही. पाहुण्यांबरोबर नापाला गेलो की तो गाडीपाशीच रेंगाळतो. म्हणून मनात धाकधूक आहे. माझ्या हौसेपायी त्याला नको तिथे नेऊन बसवेन की काय, असं वाटतं.

सॅनहोजेकर | ९ जानेवारी, रात्री ११:२५

फेब्रुवारी उत्तम. वेली निष्पर्ण असतात, पण दोन ओळींच्या मधे मोहरी फुललेली असते आणि सगळं खोरं पिवळं दिसतं. गर्दी नसते, दरही उतरलेले असतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर तोडणीचा हंगाम, तेव्हा खोली मिळायची मारामार. शिवाय तो वणव्यांचाही काळ. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅलिस्टोगाजवळ पेटलेली आग डोंगर ओलांडून सँटा रोझापर्यंत गेली होती, आणि २०२० च्या सप्टेंबरअखेर सेंट हेलीनाच्या वरच्या अंगाला पुन्हा तेच झालं. त्या दिवसांत बुकिंग केलंत तर धूर आला तर पैसे परत मिळतात का, ते आधी विचारून ठेवा.

आता जागेविषयी. 'द्राक्षांच्या मळ्यातच राहायचंय' म्हणून लोक नापात शोधतात आणि जागा मिळत नाहीत. त्याला कारण आहे. १९६८ साली नापा काउंटीने खोऱ्यातली शेतजमीन शेतीसाठीच राखून ठेवली, आणि १९९० पासून तिचा वापर बदलायचा तर बहुतेक वेळा मतदान घ्यावं लागतं. गावांच्या हद्दीबाहेर घर तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देता येत नाही. त्यामुळे जुन्या घरातल्या खोल्या बहुतेक गावांतच: नापा शहर, सेंट हेलीना, कॅलिस्टोगा. मळ्याला लागून राहायचं असेल तर डोंगरापलीकडे सोनोमात, हील्ड्सबर्गच्या बाजूला बघा.

थीमकडे बघू नका. बाथरूम खोलीला जोडून आहे का, किती जिने चढायचे, खिडकी रस्त्यावर उघडते की मागे बागेत, एवढं विचारा. शंभर-सव्वाशे वर्षांच्या लाकडी घरात वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खाली ऐकू येतं.

मोगरा | १० जानेवारी, सकाळी ७:१०

वर लिहिलंय त्याला अनुमोदन. आम्ही दहाव्या वाढदिवसाला पॅकेज घेतलं होतं. जागेचं नाव देत नाही. दीडशे डॉलर वेगळे भरले. पाकळ्या कापडाच्या निघाल्या आणि त्यांचा लाल रंग पांढऱ्या चादरीला लागला. निघताना चादरीचे पैसे मागितले. पैसे नंतर परत मिळाले, पण त्या दिवसाचा सगळा विचका झाला. खोलीतला टबही शोभेचाच, कारण घरातलं गरम पाणी तो निम्मा भरेपर्यंत संपायचं.

मात्र ताई, दुसऱ्या सकाळचं अजून आठवतं. एका लांब टेबलाशी आम्ही आठजण. समोर एक आजी-आजोबा होते, पंचेचाळीस वर्षं झाली होती लग्नाला. आजोबा आजींच्या टोस्टला लोणी लावून देत होते, कारण त्यांची बोटं संधिवाताने वाकली होती. आम्हा दोघांत आदल्या रात्रीपासून धुसफूस चालली होती, ती तिथेच संपली. सगळ्यांची एकत्र न्याहारी असेल अशी जागा घ्या. हल्ली बरेच जण टोपलीत भरून दाराशी ठेवतात.

सातपुडा | १० जानेवारी, सकाळी ९:३२

कॅलिस्टोगाकडे कौल. दोन कारणं.

पहिलं, तिथले गरम पाण्याचे झरे आणि चिखलस्नान. ज्वालामुखीची राख आणि पीट माती झऱ्याच्या गरम पाण्यात कालवतात आणि त्यात गळ्यापर्यंत झोपवतात. दहा-बारा मिनिटं पुरे होतात. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून.

दुसरं कारण खास तुमच्यासाठी. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा मधुचंद्र याच डोंगरात झाला. मे १८८० मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत फॅनीशी लग्न केलं. तो एकोणतीस वर्षांचा, छातीने आजारी, खिशात पैसे नाहीत. ती चाळिशीची, आधीच्या लग्नाची मुलं असलेली. कॅलिस्टोगातलं हॉटेल परवडेना म्हणून दोघं माउंट सेंट हेलीनावर बंद पडलेल्या चांदीच्या खाणीत राहायला गेले. मजुरांची पडकी खोली, दारं-खिडक्या धड नाहीत. खिडक्यांना त्यांनी सुती कापड ठोकलं. कोरड्या हवेत त्याला बरं वाटू लागलं. आता तिथे त्याच्या नावाचं उद्यान आहे. झाडीतून मैलभर चढलं की त्या खोलीच्या जागी उघड्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक दिसतं. बाकी काही उरलेलं नाही. मी तिथे एकटीच गेले होते आणि तासभर बसून राहिले होते.

चकवत | १० जानेवारी, दुपारी १२:०५

आम्ही दोघंही घेत नाही. आमच्यासारख्यांनी जाण्यात अर्थ आहे का?

सॅनहोजेकर | १० जानेवारी, दुपारी १:४०

जरूर जा. सोनोमा गावातल्या चौकाच्या कोपऱ्यावर १८२३ चं जुनं मिशन आहे. गर्नव्हिलजवळ आर्मस्ट्राँग अभयारण्यात रेडवूडची प्रचंड झाडं आहेत. यॉन्टव्हिलहून पहाटे बलून उडतात. आणि जी मंडळी घेतात त्यांना सांगतो, टेस्टिंगला माणशी पन्नास डॉलर हल्ली सहज जातात आणि नापात बहुतेक ठिकाणी वेळ आधी ठरवावी लागते. दिवसात दोनच ठिकाणं करा, चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते संकोच न करता वापरा, आणि गाडी चालवणाऱ्याने तर चवही घेऊ नये.

कांदेपोहे | १० जानेवारी, दुपारी ३:१८

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, आणि अंडं चालतं की नाही ते वेगळं लिहा. इथल्या घरगुती न्याहारीचा मुख्य पदार्थ अंड्याचाच असतो. फ्रिटाटा, कीश असं काहीतरी. मी आठवडाभर आधी लिहिलं होतं, तर त्या बाईंनी माझ्यासाठी भाजलेलं नासपती, अक्रोड आणि मक्याच्या पिठाची गोड वडी केली होती. आयत्या वेळी सांगितलं असतं तर फळं आणि ब्रेडवर भागवावं लागलं असतं.

द्राक्षबाग | ११ जानेवारी, सकाळी ६:५०

पानगळताई, मी पिंपळगाव बसवंतची. आमची साडेतीन एकर बाग आहे, मी आणि दीर मिळून बघतो. एरवी फक्त वाचते. तुमच्या यजमानांबद्दल वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

ज्याची बाग गेलीय त्याला बाग नकोशी होत नाही. त्याला पाहुण्यासारखं बागेत फिरणं नकोसं होतं. काचेच्या पेल्याशी उभं राहून लांबून वेल बघायची, हे आमच्या माणसांना जमत नाही. बागेत गेलं की हात आपसूक काडीकडे जातो. फेब्रुवारीत तिकडे छाटणी चालू असते असं ऐकून आहे. आमच्याकडे त्याच वेळी घड उतरवायची घाई असते. आमची वेल वर्षातून दोनदा छाटावी लागते, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. तिकडे हिवाळाभर थंडी असते, वेल स्वतःहून झोपते आणि स्वतःहून उठते, त्यामुळे एकदाच. जिथे छाटणी जवळून बघायला मिळेल अशी जागा शोधा. थीमबीम राहू द्या.

पानगळ | १४ जानेवारी, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. द्राक्षबागताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला आणि डोळे भरून आले. त्याला दाखवलेला नाही.

आज बुकिंग केलं. कॅलिस्टोगाच्या कडेला एक जुनं घर आहे, पाच खोल्या. मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या राहतात. घरामागे त्यांच्या मिस्टरांनी सांभाळलेली अर्धा एकर झिन्फंडेल द्राक्षाची बाग आहे. खोल्यांची थीमही वेलीचीच: कोंब, फुलोरा, रंग, तोडणी आणि विश्रांती. आम्हाला 'विश्रांती' मिळाली, माळ्यावरची, सगळ्यांत स्वस्त. पॅकेज घेतलं नाही. बाईंना फोनवर विचारलं, छाटणी कधी? म्हणाल्या, 'पाऊस नसेल त्या दिवशी. ओल्या दिवशी कापलं की जखमेतून बुरशी आत शिरते आणि फांदी मरते.'

आल्यावर वृत्तांत लिहीन.

मोगरा | १४ जानेवारी, रात्री ९:३०

वाट बघतेय. सविस्तर लिहा!

पानगळ | २६ फेब्रुवारी, रात्री ११:०२

धागा वर काढतेय. कबूल केलेला वृत्तांत.

शुक्रवारी दुपारी निघालो. नापा शहर मागे टाकल्यावर हायवे २९ सोडून सिल्व्हराडो ट्रेलने गेलो. खोरं लांबीला जेमतेम तीस मैल, आणि दोन्ही बाजूंचे डोंगर इतके जवळ की हाताला लागतील असं वाटतं. पाऊस होता. ओल्या काळ्या खोडांच्या मधून मोहरी पिवळीजर्द पेटल्यासारखी. नवरा गप्प होता, पण काच खाली करून हात बाहेर ठेवून बसला होता.

'विश्रांती'चं वर्णन करते, कारण थीम अशीही असू शकते हे मला माहीत नव्हतं. जिना अरुंद, छत उतरतं, त्याला दारात वाकावं लागलं. पलंगाचा डोक्याकडचा भाग वाइनच्या जुन्या ओक पिंपांच्या फळ्यांचा, आतली बाजू पुढे केलेली. फळ्यांवर गडद जांभळा डाग मुरलेला, आणि नाक जवळ नेलं की अजून आंबूस-गोड वास येतो. भिंतीवर एकच वस्तू, गंजलेलं सिकेटर (छाटणीची कात्री), लाकडी मूठ झिजून अंगठ्याचा खड्डा पडलेला. टीव्ही नाही. टोपलीत छाटलेल्या काड्यांच्या जुड्या, सुतळीने बांधलेल्या. खाली दिवाणखान्यातल्या शेगडीत त्याच जाळतात. नवऱ्याने एक जुडी उचलली, वास घेतला आणि म्हणाला, 'आमच्याकडे बंबाला याच असायच्या.' मी काहीच बोलले नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने आपणहून बागेचा विषय काढला होता.

रात्रभर पत्र्यावर पाऊस. दुसरा दिवस चिखलस्नानात आणि डोंगरावर गेला. सातपुडा, तुम्ही सांगितलेल्या त्या स्मारकापाशी आम्ही डबा खाल्ला. सासूबाईंनी मेथीचे ठेपले दिले होते. वर धुकं होतं, खाली खोऱ्यात ऊन पडलेलं. तो म्हणाला, लग्नानंतर आपणही वर्षभर पडदे नसलेल्या घरात राहिलो होतो, तू खिडकीला तुझी ओढणी लावली होतीस. मला ते आठवतही नव्हतं.

रविवारी ऊन. न्याहारीला एका टेबलाशी आम्ही सहाजण होतो. कांदेपोहे, तुमचा सल्ला कामी आला, बाईंनी माझ्यासाठी अंडं न घालता सफरचंदाचे घावन म्हणावेत असं काहीतरी केलं होतं. न्याहारी झाल्यावर त्या बूट चढवून मागे गेल्या. आम्ही खिडकीतून बघत होतो. पाच मिनिटांनी नवरा उठला आणि त्यांच्यामागे गेला.

मी पोचले तेव्हा तो एका वेलीपुढे उकिडवा बसला होता. तिथल्या जुन्या झिन्फंडेलला ना तार ना मांडव. कंबरेइतकं जाड खोड आणि वर चार-सहा हात, वाकडंतिकडं झुडूप. तो म्हणाला, 'हिला ओलांडाच नाही!' मग मला समजावून सांगायला लागला. आपल्याकडे खोडाच्या वर दोन्ही बाजूंना आडवे हात धरतात, त्यांना ओलांडा म्हणतात, काड्या त्यावर येतात. बाईंनी त्याच्या हातात सिकेटर दिलं आणि बोटांनी दाखवलं, प्रत्येक हातावर एक काडी, काडीवर दोन डोळे (कोंब फुटतात ते), बाकी सगळं काढायचं. त्याने पहिला काप घेतला, डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडून, तिरपा. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'याला कोणीतरी शिकवलंय.'

'वडिलांनी,' तो म्हणाला.

मग तो सांगत गेला आणि त्याचे हात चालू राहिले. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून एकेका डोळ्याला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची. शाळेला दांडी मारून तो हातमोजे घालून ते करायचा. पेस्ट लावणाऱ्याने त्या दिवसांत दारूला शिवायचं नाही, नाहीतर अंगावर येतं, म्हणून आजोबा संध्याकाळी मजुरांच्या खोपीशी जाऊन बसायचे. बाईंना हे सगळं नवीन. त्यांच्याकडे थंडीच ते काम करते. त्यांनी सांगितलं की १९८० च्या दशकात इथल्या खुंटांना, म्हणजे ज्यांवर वेलीचं कलम करतात त्या मुळाकडच्या झाडांना, मुळांवरची फायलोक्सेरा कीड लागली आणि खोऱ्यातल्या बागाच्या बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. शेजारच्या मळ्याची होळी त्यांनी पाहिली होती. तो म्हणाला, आमच्याकडे बाग डॉगरिज खुंटावर भरतात. त्या हसल्या. डॉगरिज मूळचा टेक्सासचा!

गारपिटीचं त्याने शेवटी सांगितलं. मणी साखर भरायला आले होते. वीस मिनिटं गारा पडल्या. वडील बाहेर गेले नाहीत, ओसरीवर पाय जवळ घेऊन बसून राहिले. आवाज थांबल्यावर म्हणाले, 'उद्या तुझा पेपर आहे ना, झोप.' हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. त्याने पेपर दिला होता, एवढंच माहीत होतं.

बोलता बोलता त्याने मला हाताने जवळ ओढलं आणि एका कापावर बोट ठेवलं. तिथे पाण्याचा स्वच्छ थेंब जमत होता. तो मोठा झाला, गळला, लगेच दुसरा जमायला लागला. 'मुळं जागी झाली,' म्हणाला. आम्ही दोघं तिथे चिखलात बसून किती वेळ ते थेंब बघत होतो कोण जाणे. अकराला खोली सोडायची होती, एक वाजला. बाई काही बोलल्या नाहीत. त्याने सत्तावीस वेली पुऱ्या केल्या होत्या.

मोगरा | २७ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

रडवलंत. नवऱ्याला वाचून दाखवलं.

चकवत | २७ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

फार सुंदर लिहिलंत. खर्चाचा अंदाज द्याल का? मार्चमध्ये जायचा विचार पक्का होतोय.

पानगळ | २७ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

चकवत, आम्हाला दोन रात्रींचे कर धरून साडेपाचशे डॉलरच्या आत पडले. शनिवार-रविवार धरून एकच रात्र बहुतेक ठिकाणी देत नाहीत, ते लक्षात ठेवा. खोली आवरणाऱ्या मुलीसाठी पाकिटात वेगळे पैसे ठेवा. मार्चअखेर कोंब फुटायला लागतील, मोहरीही तोवर बरीचशी नांगरून टाकलेली असेल. मोहरी बघायची असेल तर पहिल्याच आठवड्यात जा.

द्राक्षबागताई, हा धागा अखेर त्याला वाचायला दिला. तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि एक विचारलंय. त्यांच्याकडे माणिक चमन होती. अजून कोणाकडे आहे का तिकडे, की सगळीकडे नवीन वाण आले?

द्राक्षबाग | २८ फेब्रुवारी, पहाटे ५:५५

पानगळताई, काल रात्री अकरापर्यंत माल भरत होतो, आत्ता वाचलं. दिरांनाही वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

माणिक चमन आता कमी झाली, पण आहे. आमच्याच बांधाकडच्या चार ओळी तिच्या आहेत, सासऱ्यांनी लावलेल्या, मी काढू दिल्या नाहीत. गोडी छाटणी यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धरायचा विचार आहे. दादांना विचारा, त्या सुमाराला येणं जमेल का. चार ओळी त्यांच्यासाठी ठेवते. राहायला घरीच या, वरची खोली रिकामी असते. सिकेटर आणू नका, विमानात काढून घेतील.

पानगळ | २८ फेब्रुवारी, सकाळी ७:१२

तो शेजारी बसून तिकिटं बघतोय.